चार्जर ज्याचा त्याचा, वायरीची वाट सगळ्यांची: फोंड्यातील एका सोसायटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा शहराच्या कडेची ही सोसायटी. दोन विंग, खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले, एकूण ३६ फ्लॅट. पार्किंगच्या जागा मात्र २४. बांधकाम २००९ च्या सुमाराचे, त्यामुळे विजेवरच्या गाडीची सोय आराखड्यात असणे शक्यच नव्हते. नव्या इमारतींत पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी अशी भर केंद्राने आदर्श इमारत उपविधींत घातली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. जुन्या इमारतींना आपली वाट आपणच काढावी लागते आणि गोव्यातल्या बहुतेक सोसायट्या जुन्याच आहेत.

इथे राहणारे लोक नोकरदार, काही दुकानदार, काही निवृत्त. सात-आठ फ्लॅटचे मालक आखातात किंवा मुंबईत असतात. त्यांचे फ्लॅट बंद असतात किंवा भाड्याने दिलेले असतात. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. मी विजेच्या कामांचा सल्लागार. मोजमापासाठी सोसायटीने मला बोलावले आणि पुढे काम संपेपर्यंत मी त्यांच्यासोबत होतो.

ठिणगी कशी पडली

ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक बँक कर्मचारी रोज फोंडा ते पणजी ये-जा करतात. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. त्यांनी २४ किलोवॅट-तास बॅटरीची लहान कार घेतली. त्यांची पार्किंगची जागा बी विंगच्या टोकाला, स्वतःच्या मीटर रूमपासून जवळपास ४५ मीटर लांब. कायमची सोय होईपर्यंत चेअरमननी त्यांना पंपाच्या खोलीतला १५ अँपियरचा सॉकेट वापरायला तोंडी परवानगी दिली. ते वहीत युनिट लिहून ठेवत आणि महिन्याच्या शेवटी पैसे भरत.

दुसऱ्या महिन्यात वॉचमनला जळका वास आला. प्लग काढून पाहिला तर एक पिन तपकिरी झालेली, सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन आत खचलेले. गाडीत दोष नव्हता. तो सॉकेट पंप दुरुस्तीवाल्याच्या ड्रिलसाठी बसवलेला होता. आतली स्प्रिंग ढिली पडली होती आणि तिच्यातून रोज तीन-तीन तास सलग १४ अँपियर जात होते. ढिल्या सांध्यावर उष्णता साठते, उष्णतेने सांधा आणखी ढिला होतो. गीझर चालतो तो पंधरा-वीस मिनिटे. गाडी तासन्‌तास वीज ओढते. घरगुती वायरिंगची खरी परीक्षा तिथे होते.

त्याच संध्याकाळी नोटीस लागली: सोसायटीच्या आवारात चार्जिंग पूर्ण बंद. बँकवाल्यांनी लेखी उत्तर दिले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा आहे, असे त्यात होते.

अडचण नेमकी कुठे होती

बैठकीत सगळा आवाज आगीवर गेला. निवृत्त शिक्षक असलेले एक ज्येष्ठ सभासद (सगळे त्यांना सर म्हणतात) म्हणाले, “गाडी तुमची, पण खाली पेटलं तर वर आम्ही झोपलेलो असतो. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये देशात किती स्कूटर पेटल्या, ते विसरू नका.” बँकवाले म्हणाले, “सर, मी माझ्याच मीटरवरून, माझ्याच पैशाने वीज घेणार. मला अडवता कसं?” आखातातल्या एका मालकाने फोनवरून विचारले, “आमची गाडीच तिथे नाही. मग आमच्या फंडातून खर्च का?”

तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. मंत्रालयाच्या सूचना वीज वापरण्याची मुभा देतात हे खरेच. पण ए विंगच्या मीटर रूममधून निघालेली वायर बी विंगच्या टोकापर्यंत जाताना जे बीम, जो पॅसेज ओलांडते, ते सगळ्यांचे असतात. तिथे सोसायटीची संमती लागते. पार्किंगचीही गोष्ट सरळ नव्हती. काहींच्या विक्रीखतात जागेचा क्रमांक होता, काहींच्या नव्हता. कोणीतरी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद लालूचंद निकाल काढला, ज्यात बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटपासून वेगळे विकता येत नाही असे म्हटले आहे. तो निकाल महाराष्ट्राच्या मोफा (फ्लॅटच्या मालकीविषयीच्या) कायद्याखालचा. गोव्याच्या सोसायटीला तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हते. चर्चा तिथे अडकू नये म्हणून सेक्रेटरीबाईंनी चांगला मार्ग काढला. मालकीचा वाद बाजूला ठेवून, आज जो ज्या जागेवर गाडी लावतो ती जागा ‘वापराची जागा’ धरायची आणि चार्जिंगची परवानगी त्या वापरापुरतीच द्यायची, असा ठराव त्यांनी मांडला.

वाद गाडीचा वाटत होता, पण खरा प्रश्न वायरीच्या वाटेचा होता. चार्जर ज्याचा त्याने घ्यावा. पण प्रत्येकाने आपापली वायर मनाला येईल तशी ओढली तर पाचव्या गाडीपर्यंत स्टिल्टच्या छताला जाळे लोंबू लागते. ती वाट एकदाच, सगळ्यांसाठी, सोसायटीने बांधायला हवी. हे पटायला या सोसायटीला चार महिने लागले.

मोजमाप

पहिला खरा निर्णय होता तो आधी मोजण्याचा. समितीतल्या दोघांचे म्हणणे होते की कंत्राटदाराला बोलवा, कोटेशन घ्या, संपले. सेक्रेटरीबाई ठाम राहिल्या.

आम्ही तीन गोष्टी केल्या. छापील अर्ज वाटून विचारले की पुढच्या तीन वर्षांत कोण विजेवरची गाडी घेणार. कार घेऊ म्हणणारे नऊ निघाले, स्कूटरवाले त्याहून जास्त. मग दोन्ही मीटर रूममधल्या मुख्य केबलवर लॉगर लावून आठवडाभर भार नोंदवला. सकाळी सहा ते आठ गीझरचा चढ, संध्याकाळी सात ते दहा स्वयंपाक आणि टीव्हीचा चढ, अकरानंतर उतार. इमारतीत वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून येते. त्यांपैकी आर फेजवर भार बराच जास्त होता. वर्षानुवर्षे फ्लॅट जोडताना कोणी समतोल पाहिला नव्हता.

तिसरी गोष्ट अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीची. फोंड्याच्या आसपास जांभा दगड. पावसाळ्यात तो ओला असतो तेव्हा अर्थ पिटचा (त्या जोडणीसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचा) रोध कमी दाखवतो. उन्हाळ्यात कोरडा पडला की तोच आकडा चढतो. आम्ही मोजले ते जानेवारीत. आकडा चालण्यासारखा होता, तरी उन्हाळ्यातली वाढ धरून प्रत्येक विंगला एक नवा पिट घ्यायचे ठरवले.

समोर असलेले पर्याय

*बाहेरच चार्ज करा.* काही ज्येष्ठांना हा पर्याय सर्वांत सुरक्षित वाटत होता. पण रोज ६० किलोमीटर जाणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा सार्वजनिक फास्ट चार्जरवर थांबायला लावणे म्हणजे गाडी घेऊच नका म्हणण्यासारखे. शिवाय लोक मग चोरून बाल्कनीतून वायर सोडतात. या इमारतीत दोन स्कूटरवाले तेच करत होते.

*कंपनीला जागा द्या.* एका चार्जिंग कंपनीने सगळा खर्च स्वतः करण्याची तयारी दाखवली. करारात मात्र अनेक वर्षे आवारात दुसऱ्या कोणालाही चार्जर बसवता येणार नाही अशी अट होती. दरही कंपनी ठरवणार. सोसायटीने नकार दिला, आणि माझ्या मते तो योग्य होता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पुढच्या दहा वर्षांचा हात बांधून घेणे महागात पडते.

*सोसायटीच्या नावे एक मोठी स्वतंत्र जोडणी आणि प्रत्येक जागेवर सब-मीटर.* विजेच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येऊ लागली. भाराचे नियोजन एकाच ठिकाणी होते, हा या पर्यायाचा मोठा फायदा. पण दरमहा वाचन घेणे, बिल वाटणे, थकबाकीदारामागे लागणे हे काम मानधन न घेणाऱ्या समितीवर येते. नऊ गाड्यांसाठी ते ओझे नको, असे ठरले.

*ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या मीटरवरून वायर.* बिलाचा प्रश्नच उरत नाही. अडचण दोन बाजूंनी. फ्लॅटचा मंजूर भार ५ किलोवॅट असेल तर चार्जर ३.३, गीझर २ आणि एसी दीड मिळून ६.८ होतात, म्हणजे वीज खात्याकडे भारवाढीचा अर्ज आलाच. दुसरे म्हणजे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. रोज ६० किलोमीटरसाठी आठ-नऊ युनिट धरले तर महिन्याला सव्वादोनशे युनिटच्या आसपास भर पडते आणि घराचे बिलही वरच्या टप्प्यात जाते.

शेवटी चौथा पर्याय निवडला, पण तिसऱ्याची दारे उघडी ठेवून. मीटर रूमपासून स्टिल्टच्या बीमच्या कडेने सोसायटीने केबल ट्रे टाकायचा. त्यात प्रत्येकाच्या वायरीची जागा आणि उद्या एक जाड सामाईक केबल टाकायची वेळ आली तर तिचीही जागा. ज्या १२ फ्लॅटना पार्किंगच नाही, त्यांच्यासाठी सामाईक मीटरवर सब-मीटरसह स्कूटरचे दोन पॉइंट.

३.३ की ७.२?

गाडी विकणाऱ्याने बँकवाल्यांना ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) सुचवला होता. त्यांना तोच हवा होता. इथे मी त्यांच्यासोबत बराच वेळ बसलो. रोजचे आठ-नऊ युनिट ३.३ किलोवॅटने साधारण तीन तासांत भरतात. गाडी रात्री दहा तास उभी असते. मग ७.२ ची घाई कशासाठी? उलट नऊ गाड्या एकाच वेळी ७.२ ने चालल्या तर जवळपास ६५ किलोवॅट होतात, ३.३ ने तीसच्या आत राहतात.

सोसायटीने नियम केला: सध्या कमाल ३.३ किलोवॅट. ज्याला पुढे ७.२ हवे असेल त्याने भार मंजूर करून आणावा आणि समितीने मुख्य केबलची मोकळीक तपासून हो म्हणावे. वायर मात्र पहिल्यापासून जाड टाकायची. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४५ मीटर ओढली तर ३.३ किलोवॅटला सुमारे १० व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरला ४ व्होल्ट. पावसाळ्यात २३० चे २०५ होतात त्या रात्री हा फरक जाणवतो. आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल घेतली कारण स्टिल्टमध्ये उंदीर आहेत.

खर्चाची वाटणी

आखातातल्या मालकांचा प्रश्न इथे सुटला. ट्रे, नवे अर्थ पिट, वॉचमनच्या केबिनजवळचा आपत्कालीन स्विच आणि त्यासाठीचा पॅनेल हा खर्च सोसायटीच्या फंडातून. एकूण खर्चाचे २४ समान वाटे पाडले. जो सभासद आपली लाइन जोडेल त्याने जोडताना एक वाटा फंडात परत भरायचा, पहिला असो की शेवटचा. स्वतःची वायर, सुरक्षा स्विच, चार्जर आणि भारवाढीचा खर्च त्याचा. म्हणजे पहिल्या माणसावर सगळ्यांचा बोजा नाही आणि फंड हळूहळू भरत जातो. सर म्हणाले, “हे मला समजलं. म्हणजे मी घेतली नाही गाडी, तरी माझं नुकसान नाही.” त्यानंतर ठराव एकमताने झाला.

काम कसे झाले

चतुर्थीनंतर काम सुरू झाले. त्याआधी पाऊस आणि नंतर सणाची सुट्टी, म्हणून कंत्राटदाराला मुद्दाम थांबवले होते.

सुरक्षेचा तपशील महत्त्वाचा होता, कारण सरांची भीती केवळ शब्दांनी जाणार नव्हती. प्रत्येक लाइनला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). घरात सहसा असतो तो साधा ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी इथे पुरत नाही. गाडीतला चार्जर एसी म्हणजे दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे डीसी म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह करतो आणि डीसीची गळती झाली तर साधा आरसीसीबी आंधळा होतो. खरा धक्का बसतो तेव्हा तो वीज तोडत नाही. म्हणून ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी आणि ६ मिलिअँपियर डीसी गळती ओळखणारा चार्जर, नसल्यास ‘बी’ प्रकारचा आरसीसीबी, असे लेखी ठरवले. कंत्राटदाराने आणलेले पहिले सहा नग साध्या प्रकारचे होते. ते परत केले.

जमिनीपासून पुरेशा उंचीवर पॉइंट, कारण जोराच्या पावसात बी विंगच्या टोकाला पाणी साचते. जिन्याखाली आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एकही पॉइंट नाही. काढता येणाऱ्या स्कूटर बॅटऱ्या पॅसेजमध्ये चार्ज करायला बंदी. स्कूटरचे दोन्ही पॉइंट गेटच्या बाजूला, उघड्यावर, वर छप्पर. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत एआयएस-१५६ या विजेवरच्या दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचे कडक निकष लागू झाले. त्यांना उतरणाऱ्या गाड्यांनाच ते पॉइंट वापरता येतील असेही नमूद केले. आग विझवण्याचे पावडरचे सिलिंडर नवे घेतले, पण ते बॅटरीच्या आतली उष्णतेची साखळी तोडत नाहीत हे वॉचमनला स्पष्ट सांगितले. त्याचे काम क्रमाने तीन: स्विच पाडणे, माणसे बाहेर काढणे, अग्निशमन दलाला १०१ वर फोन. विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली.

निष्पत्ती

बँकवाल्यांची लाइन पहिली जोडली गेली. हिवाळाभर सगळे सुरळीत होते. मार्चपर्यंत चार कार आणि स्कूटरचे दोन्ही पॉइंट रोज वापरात.

मग मे आला. एका रात्री साडेअकराला ए विंगची आर फेज गेली. मुख्य स्विचच्या लगवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) वायरीचे आवरण करपलेले सापडले. टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून पुढच्या रात्री पाहिले: दहा ते दीडपर्यंत सगळे एसी सुरू असतात. जानेवारीच्या नोंदीत अकरानंतर उतार होता. मेमध्ये अकराला डोंगर होता. आणि गाड्यांची वेळ ठरली होती अकरापासून. वीज खात्याच्या लोकांनी काही फ्लॅट दुसऱ्या फेजवर हलवून दिले, लग बदलले. गाड्यांची वेळ मार्च ते जूनसाठी रात्री दीड ते सहा केली, सम क्रमांकाच्या जागा आधी, विषम नंतर. कारमध्ये वेळ लावण्याची सोय असतेच. स्कूटरच्या पॉइंटना टायमर बसवले.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. वीज जाऊन परत येते तेव्हा सगळ्या गाड्या, सगळे एसी आणि फ्रिज त्याच क्षणी ओढू लागतात. प्रत्येक चार्जिंग लाइनला वीज परत आल्यावर काही मिनिटे थांबून सुरू होणारा रिले बसवला, प्रत्येकाला वेगळा अवधी देऊन. त्यानंतर मुख्य फ्यूज गेलेला नाही.

आज पाच कार जोडलेल्या आहेत, सहाव्याचा अर्ज आला आहे. सरांच्या मुलाने स्कूटर घेतली. ती गेटजवळच्या पॉइंटवर लागते.

काय वेगळे करता आले असते

पंपाच्या खोलीतला सॉकेट जळला त्या दिवशी पूर्ण बंदीऐवजी दोन दिवसांत एक नीट औद्योगिक सॉकेट, आरसीसीबी आणि सब-मीटर लावून तात्पुरती सोय करता आली असती. खर्च किरकोळ होता. बंदीमुळे बँकवाले आणि समिती यांच्यात जी अढी पडली ती निस्तरायला दोन बैठका गेल्या. तोंडी परवानगी हे मूळ दुखणे होते. चेअरमननी ती सद्‌हेतूने दिली, पण सॉकेट कोणी तपासावा हे तोंडी परवानगीत ठरत नाही.

भाराची नोंद हिवाळ्यात घेतली ती सोयीची म्हणून. समितीला घाई होती. गोव्यात भार आणि अर्थिंग दोन्ही मेमध्ये मोजावेत. जानेवारीतच मोजणे भाग असेल तर गेल्या मेच्या बिलांतली युनिटे प्रत्येक फ्लॅटकडून मागून घ्यावीत. ती कागदावर असतात आणि फुकट मिळतात. फेजचा समतोलही ट्रे टाकण्याआधी करून घ्यायला हवा होता. आर फेज जड आहे हे जानेवारीच्या नोंदीत स्पष्ट दिसत होते.

भाडेकरूंचा प्रश्न ठरावातून सुटलाच नाही. बी विंगमधल्या एका भाडेकरूने कार घेतली. जोडणीचा वाटा आणि वायरीचा खर्च त्याने करायचा की मालकाने, आणि तो फ्लॅट सोडून गेला तर चार्जर कोणाचा, यावर दोघांत एकमत नाही. समितीने त्याला तूर्त सामाईक पॉइंट वापरू दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मालकाच्या लेखी संमतीचा नमुना आणि वायर जागेसोबतच राहील अशी अट मांडली जाणार आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषयही त्याच सभेच्या विषयपत्रिकेत आहे, पण गाड्या रात्री चार्ज होतात आणि ऊन दिवसा असते, त्यामुळे दोन्ही विषयांवर वेगवेगळे मतदान घ्यावे असे मी समितीला लेखी कळवले आहे.